एमटीएचएफआर 'पॉझिटिव्ह' आलं, पुढे काय? आईची जनुकं, फॉलिक ॲसिड आणि बाळाचं हृदय

पेशीकेंद्रक (धागाकर्ता)

नात्यातल्या एका मुलीचा पहिला मुलगा 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' हा हृदयाचा जन्मजात दोष घेऊन जन्मला. वर्षाच्या आत ऑपरेशन झालं, आता पोरगा घरभर धिंगाणा घालतो. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाला तसं तिनं कुणाच्या तरी सांगण्यावरून एका लॅबचं 'प्री-प्रेग्नन्सी पॅकेज' करून घेतलं. रिपोर्टवर लाल अक्षरांत आलं: एमटीएचएफआर ६७७ सीटी, हेटेरोझायगस, पॉझिटिव्ह. ती पीडीएफ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि संध्याकाळपर्यंत निकालही लागला, "म्हणजे हे तिच्याकडूनच आलंय." रात्री तिचा मला मेसेज: "दादा, खरंच माझ्यामुळे झालं का?"

मी जैवसंख्याशास्त्रात काम करतो, डॉक्टर नाही. पण या विषयावरचे पेपर वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. तिला फोनवर 'नाही' एवढंच सांगितलं. त्या 'नाही'मागचं सगळं इथे लिहितोय, कारण असे लाल अक्षरांतले रिपोर्ट हल्ली बऱ्याच जणींच्या हातात पडताहेत.

आधी थोडं रसायनशास्त्र, कंटाळू नका. फॉलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) शरीरात दोन मोठी कामं करतं. नवीन पेशींसाठी डीएनए बनवायला लागणारा माल पुरवतं आणि होमोसिस्टीन नावाच्या द्रव्याचं मेथिओनिनमध्ये रूपांतर करायला मदत करतं. दुसऱ्या कामासाठी फॉलेटचं जे रूप लागतं, ते तयार करणारं एन्झाइम म्हणजे एमटीएचएफआर. त्याच्या जनुकात ६७७ व्या जागी 'सी' ऐवजी 'टी' असला की एन्झाइम थोडं नाजूक बनतं, उष्णतेनं लवकर ढेपाळतं. हा फरक मॉन्ट्रियलच्या एका गटानं १९९५ मध्ये दाखवला. दोन्ही प्रती 'टी' असतील, म्हणजे टीटी, तर प्रयोगशाळेत एन्झाइमची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. एकच प्रत 'टी' असेल, म्हणजे सीटी किंवा हेटेरोझायगस, तर दोन-तृतीयांशाच्या आसपास राहते.

हे ऐकायला भयंकर वाटतं. पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं रक्तातल्या आकड्यांवरून स्पष्ट सांगितलंय की सारखंच फॉलिक ॲसिड घेतलं तर टीटी असलेल्यांच्या रक्तातलं फॉलेट सीसी (दोन्ही प्रती 'सी') असलेल्यांपेक्षा सरासरी १६ टक्क्यांनीच कमी भरतं. परीक्षानळीत मोठा दिसणारा फरक माणसात एवढासा उरतो. आणि नात्यातल्या या मुलीचा रिपोर्ट तर टीटीसुद्धा नाही, सीटी आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत दहातले चारेक जण सीटी असतात. भारतात 'टी'चं प्रमाण त्याहून कमी, तरी दुर्मीळ मुळीच नाही. एवढ्या लोकांना 'पॉझिटिव्ह' म्हणायचं तर त्या शब्दाला काही अर्थ उरतो का, तुम्हीच सांगा.

मग हृदयाचा संबंध कुठून आला? बाळाचं हृदय सुरुवातीला नुसती एक नळी असते. गर्भधारणेनंतर २२ व्या दिवसाच्या आसपास ती धडधडू लागते, आणि आठव्या आठवड्यापर्यंत तिचे चार कप्पे झालेले असतात. पाठीच्या कण्याची मज्जानलिका (जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो) २८ व्या दिवसापर्यंत मिटते. या मज्जानलिकेच्या कडेवरून निघालेल्या न्यूरल क्रेस्ट पेशी प्रवास करत हृदयापाशी पोचतात आणि तिथून निघणारी मोठी नळी फुप्फुसाची आणि महाधमनीची अशी दोन भागांत विभागायला मदत करतात. ही विभागणी बिघडली की फॅलो, ट्रंकस असे 'कोनोट्रंकल' दोष होतात. त्यामुळे मज्जानलिकेला जे उपयोगी पडतं ते हृदयाच्या या भागालाही पडत असेल, हा तर्क अगदीच हवेतला नव्हता. १९९६ मध्ये कोंबडीच्या भ्रूणांना होमोसिस्टीन देऊन पाहिलं तर मज्जानलिका आणि हृदय दोन्हींत दोष दिसले, आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर ते कमी झाले.

माणसांतले पुरावे मात्र एका रेषेत येत नाहीत. मज्जानलिकेबद्दल वाद उरलेला नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९९१ ची चाचणी आधीच्या बाळात हा दोष असलेल्या स्त्रियांवर होती. ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिडनं दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीत ०.८ मिलिग्रॅम असलेल्या मल्टिव्हिटॅमिननं पहिल्यांदा होणारा दोषही टळतो हे दिसलं. हृदयाबद्दल १९९६ च्या अटलांटातल्या अभ्यासानं म्हटलं की गर्भधारणेच्या आगेमागे मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांच्या बाळांत कोनोट्रंकल दोष ४३ टक्क्यांनी कमी. आणि २००६ मध्ये नेदरलँड्समधून तो पेपर आला, ज्याच्या जोरावर आजच्या लॅबा पॅकेजं विकतात: आईला सीटी असेल आणि तिनं फॉलेट घेतलं नसेल तर कोनोट्रंकल दोषाची शक्यता तिप्पट, टीटी असेल तर सहापट.

इथे एक बारकावा आहे. प्रश्न *आईच्या* जनुकाचा आहे, बाळाच्या नव्हे. बाळानं आईकडून तो 'टी' घेतलाच नसला तरी त्या आठवड्यांत ते आईच्याच रक्तातल्या फॉलेटवर आणि होमोसिस्टीनवर वाढत असतं. म्हणून संशोधक आई-बाप-बाळ अशा तिघांचे नमुने एकत्र घेतात, म्हणजे कुणाच्या जनुकाचा किती वाटा हे वेगळं काढता येतं.

मग २०१३ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले: ७६९७ हृदयदोष असलेले, १३१२५ नसलेले. छोट्या अभ्यासांत संबंध दिसत होता, मोठ्या अभ्यासांत तो नाहीसा होत होता. आमच्या धंद्यात हे जुनं दुखणं आहे. लहान अभ्यासात धक्कादायक आकडा आला की तो छापला जातो, काहीच नाही आलं की फाइल कपाटात. सहापट हा आकडा मी सोडून दिला असं म्हणत नाही, पण त्यावर कुणाच्या सुनेला दोषी ठरवायचं? अजिबात नाही.

---

गूळपोळी

खूप उपयोगी. माझाही असाच रिपोर्ट आहे (सीटीच). मला साध्या फॉलिक ॲसिडऐवजी 'ॲक्टिव्ह' मिथाइलफॉलेट घ्यायला सांगितलंय, "तुमचं शरीर साधं पचवू शकत नाही" म्हणून. किंमत बघून डोळे पांढरे झाले. खरंच गरज असते का?

पेशीकेंद्रक

तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. पण "पचवू शकत नाही" हे खरं नाही. वरचा १६ टक्क्यांचा मुद्दा तोच आहे, सीडीसी सरळ लिहितं की एमटीएचएफआरचा कुठलाही प्रकार असला तरी शरीर फॉलिक ॲसिड वापरू शकतं. मिथाइलफॉलेटनंही रक्तातलं फॉलेट वाढतं, पण मज्जानलिकेचे दोष टळतात हे चाचण्यांत सिद्ध झालंय ते साध्या फॉलिक ॲसिडनं. डॉक्टरांना एवढंच विचारा, "जो पुरावा आहे त्या औषधावरून मला हलवायचं कारण काय?"

वाईचे_अण्णा

माझी आई शेतात राबली, आम्ही सहा भावंडं, एकालाही गोळी ठाऊक नव्हती. मेथी, चवळी, हरभऱ्याचा पाला, राजगिरा हेच आमचं फॉलिक ॲसिड. आता सगळं बाटलीतून हवंय लोकांना.

स्टेथो

अण्णा, पालेभाज्यांबद्दल दुमत नाही, आणि तुम्ही सहाही जण ठणठणीत आहात याचा आनंद आहे. पण मी बालहृदयरोग विभागात काम करते, म्हणून सांगते. दर हजार जिवंत जन्मांत आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. तुमच्या काळातही असणारच, फक्त इको (हृदयाची सोनोग्राफी) नव्हता. बाळ "निळं पडून गेलं", "दूध पिता पिता गेलं", "न्यूमोनियानं गेलं" एवढंच सांगितलं जायचं. जी गेली त्यांची मोजणी कुणी ठेवली नाही, आणि धाग्यावर आठवणी लिहायला जगलेलीच येतात.

आणि भाजीचा हिशेब: अन्नातलं फॉलेट गोळीतल्यापेक्षा कमी शोषलं जातं. आहारशास्त्रात अन्नातल्या १ मायक्रोग्रॅमची बरोबरी गोळीतल्या ०.६ मायक्रोग्रॅमशी धरतात, म्हणजे गोळी जवळजवळ पावणेदोनपट कामाची. त्यात आपण मेथी-पालक रटरट शिजवतो आणि उकडलेलं पाणी फेकून देतो. फॉलेट उष्णतेनं नासतं आणि पाण्यात उतरतं. भाजी खा, पण पाणी आमटीत घाला, आणि गोळी घ्यायची असेल तर घ्याच.

वाईचे_अण्णा

पाणी आमटीत घालतात हे आमच्याकडे अजूनही आहे हो. बाकी मुद्दा मान्य.

परळकर_जुना

अवांतर, पण राहवत नाही. हे सगळं आपल्या परळमधून सुरू झालंय! ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या, हाफकिन संस्थेत काम करायला. गिरणगावातल्या गरीब बायका गरोदरपणात एका विचित्र पंडुरोगानं मरत होत्या: रक्तपेशी आकारानं मोठ्या, संख्येनं कमी. बाईंनी आहार तपासला, उंदरांवर, माकडांवर प्रयोग केले, शेवटी यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटनं, बायका बऱ्या होतात हे दाखवलं. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. त्या अज्ञात घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणायचे. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं. हाफकिनवरून रोज बसनं जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

पेशीकेंद्रक

अवांतर कसलं, सोनं आहे हे. आणि लक्षात घ्या, त्या बायकांना जनुक तपासून नाही, आहार सुधारून बरं केलं.

सांख्यिकी_शंका

धागाकर्ते, एक प्रश्न. तुम्ही पुरावे एका रेषेत नाहीत म्हणता आणि तरी सगळ्यांना गोळी घ्या असा सूर आहे. डेन्मार्क-नॉर्वेचा अभ्यास का टाळलात? सुमारे १ लाख ९७ हजार जन्म, २०१९ मध्ये आला, आणि फॉलिक ॲसिड घेतलेल्या-न घेतलेल्या आयांच्या बाळांत हृदयदोषांत फरक दिसला नाही.

पेशीकेंद्रक

टाळला नाही, पोस्ट आधीच लांबली होती. विचारलंत ते बरं झालं.

दोन्ही बाजू समोर ठेवतो. कॅनडात १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं झालं. क्युबेकमधल्या अभ्यासात त्यानंतर गंभीर हृदयदोषांचं प्रमाण दरवर्षी साधारण ६ टक्क्यांनी उतरत गेलं. २०१६ मध्ये अख्ख्या कॅनडाचे सुमारे ५९ लाख जन्म तपासले, तेव्हा एकूण हृदयदोष ११ टक्क्यांनी कमी, कोनोट्रंकल २७ टक्क्यांनी कमी दिसले. पण हे 'आधी आणि नंतर'चे आकडे आहेत. त्याच काळात गर्भातल्या तपासण्या सुधारल्या, गंभीर दोष कळल्यावर गर्भपात करण्याचं प्रमाण बदललं. संशोधकांनी हिशेब जुळवायचा प्रयत्न केला, तरी सगळं गाळून काढता येत नाही.

डेन्मार्क-नॉर्वेच्या अभ्यासाचीही अडचण आहे. तिथे गोळी घेणाऱ्या बायका बऱ्याचदा दिवस गेल्याचं कळल्यावर सुरू करतात. शिवाय बहुसंख्य हृदयदोष म्हणजे पडद्यातली बारीक छिद्रं. ती न्यूरल क्रेस्टशी फारशी निगडित नाहीत, आणि बरीचशी आपोआप बुजतात. अशा ढिगाऱ्यात कोनोट्रंकल दोष मूठभरच.

म्हणून माझं मत असं: गोळी घ्या मज्जानलिकेसाठी, तिथे पुरावा पक्का आहे. हृदयाचा फायदा मिळालाच तर वरकड. "फॉलिक ॲसिड घेतलंस ना, मग हृदय नीटच असेल" असं कुणाला सांगू नका. आणि "घेतलं नाहीस म्हणून झालं" असं तर त्याहून नको.

सांख्यिकी_शंका

पटलं. हे मूळ धाग्यात हवं होतं.

शेवंता

मी वाचक आहे, लिहीत नाही फारसं. माझ्या मुलीला व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र) होता, मोठा, बंद करावा लागला. मी गोळी पाचव्या आठवड्यात सुरू केली, कारण तेव्हाच कळलं. गेली कित्येक वर्षं मनात हेच आहे की एक महिना आधी सुरू केली असती तर. सासरी कुणी बोललं नाही, पण मीच मला बोलते. तुमचा "त्याहून नको" वाचला आणि रडू आलं.

स्टेथो

शेवंता ताई, आमच्या ओपीडीत रोज एक तरी आई हा प्रश्न विचारते. बाप फार कमी विचारतात, हेही सांगून टाकते.

बहुतेक मुलांत आम्हाला एकच असं कारण सापडत नाही. जी कारणं ठाऊक आहेत ती वेगळीच आहेत. आईला गर्भधारणेआधीपासून मधुमेह असेल आणि साखर आटोक्यात नसेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. सुरुवातीच्या आठवड्यांत रुबेला झाला तर. फिट्सची काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन. बाळात डाऊन सिंड्रोम असेल तर निम्म्या मुलांना हृदयदोष असतो. २२ व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असला तर कोनोट्रंकल दोष हमखास शोधायचे. जवळच्या नात्यातली लग्नं हेही एक कारण आहे. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा हे अजून होतं, आणि ते कुणी बोलत नाही. यातलं एकही तुमच्याकडे नसेल तर ते "कुणामुळेच नाही" या गटात जातं, आणि तो गट सगळ्यात मोठा आहे.

पुढच्या बाळासाठी: आधीच्या एका भावंडाला दोष असेल तर पुन्हा होण्याची शक्यता साधारण २ ते ५ टक्के, दोषाच्या प्रकारानुसार. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त बाळांचं हृदय नीट. १८ ते २४ आठवड्यांदरम्यान फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) करा, नुसत्या अनॉमली स्कॅनवर (व्यंग शोधायच्या नेहमीच्या सोनोग्राफीवर) थांबू नका. जन्मानंतर बाळाच्या हातापायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघायला सांगा, बिनदुखाची चाचणी आहे.

खरं_ते_बोला

सगळं ठीक. पण मुली तिशीनंतर लग्न करतात, बाहेरचं खातात, त्याचं काय? यावर कुणी लिहिणार नाही.

स्टेथो

लिहिते की. वय वाढलं की डाऊन सिंड्रोमचा धोका वाढतो, ते खरं. बाकी मधुमेह आणि लठ्ठपणा मुलींमध्ये वाढतोय, तसा मुलांमध्येही. बाळाला अर्धी जनुकं बापाकडून येतात. एमटीएचएफआरचं पॅकेज नवऱ्याला कुणी विकताना मला अजून दिसलं नाही.

गूळपोळी

🙏🙏 ताई, हे फ्रेम करून लावते.

पुणेरी_भाकरी

आहारतज्ज्ञ आहे, म्हणून एक महत्त्वाची भर. फॉलेटची चर्चा बी-१२ शिवाय अर्धी आहे. फॉलेटनं होमोसिस्टीनला मेथिओनिन करायचं तर मधे बी-१२ लागतंच. आणि आपल्याकडे मोठी कमतरता त्याचीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून आया आणि मुलांचा पाठपुरावा करताहेत. तिथे गरोदर बायकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींना बी-१२ कमी होतं. फॉलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या आयांना बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स (इन्सुलिनला शरीरानं नीट दाद न देणं) सगळ्यात जास्त होता.

मज्जानलिकेच्या दोषांवर भारतात अनेक केंद्रांत मिळून जो अभ्यास झाला, २०११ चा, त्यात लक्ष वेधलं ते आईच्या टीसीएन-२ जनुकानं. ते बी-१२ पेशींपर्यंत नेणारं प्रथिन बनवतं. म्हणजे युरोपात गाजलेलं एमटीएचएफआर जनुक आपल्याकडे तितकंच महत्त्वाचं असेल असं नाही.

आणि आपल्या दुकानांत फॉलिक ॲसिड म्हटलं की ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. गरज आहे ०.४ ची. साडेबारा पट! ज्यांच्या आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष होता, ज्यांना मधुमेह आहे किंवा फिट्सची औषधं चालू आहेत, त्यांना डॉक्टर जास्त डोस देतात, ते बरोबर. पण शाकाहारी मुलीनं बी-१२ न तपासता महिनोन्महिने ५ मिलिग्रॅम घेणं मला पटत नाही. फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांवर होणारा परिणाम आत चालूच राहतो.

सावित्रा_नंदुरबार

मी आरोग्य सेविकांवर पर्यवेक्षक आहे. तुमची जनुकं राहू द्या, आमच्याकडचा प्रश्न कॅलेंडरचा आहे.

बाई नोंदणीला येते तेव्हा तिसरा महिना संपत आलेला असतो, कधी चौथा. "तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही" हे गावात पक्कं आहे, आणि शहरातही आहे, हो ना? मग आम्ही तिला फॉलिक ॲसिड देतो. वरती पेशीकेंद्रक दादांनी लिहिलंय की मज्जानलिका २८ व्या दिवशी मिटते आणि हृदयाचे कप्पे आठव्या आठवड्यापर्यंत होतात. म्हणजे आमची गोळी पोचते तेव्हा बाळाचं हृदय बनून मोकळं झालेलं असतं! ती गोळी वाया जात नाही, बाईच्या रक्तासाठी लागतेच. चौथ्या महिन्यापासूनच्या लाल आयएफए गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती १८० दिवस द्यायची. पण दोष टाळायला ती उशिरा.

'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी कार्यक्रमात २० ते ४९ वयाच्या, गरोदर नसलेल्या बायकांनाही आठवड्याला एक गोळी सांगितली आहे. कागदावर छान आहे. माझ्या भागात ती शाळेतल्या मुलींना मिळते, निळी गोळी. मुलीचं लग्न झालं, शाळा सुटली, की ती आमच्या हातातून निसटते. नेमकी तेव्हाच तिला लागते.

आम्ही एक करून पाहतोय. आशाच्या पात्र जोडप्यांच्या रजिस्टरमध्ये नवीन लग्न झालेली सून लगेच येते. आशा तिच्याकडे पहिल्यांदा जाते ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेऊन. आम्ही सांगितलं, त्याच भेटीत विचारा: लगेच मूल हवंय का? हवं असेल तर फॉलिक ॲसिड आजपासून. सासू समोर असते, म्हणून सासूला सांगायचं की "रक्तवाढीची आहे". मूल होण्याची म्हटलं की सुनेवर दुसऱ्याच महिन्यापासून डोळे लागतात.

पेशीकेंद्रक

सावित्रा ताई, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा मोलाचा आहे. संशोधनात आम्ही 'पेरिकन्सेप्शनल' (गर्भधारणेच्या आगेमागचा) असा जड शब्द वापरतो आणि पुढे जातो. ते आठवडे प्रत्यक्षात बाईच्या कॅलेंडरवर कुठे पडतात हे तुम्ही सांगितलंत.

मेपल_मावशी

टोरांटोहून. इथल्या आपल्या लोकांसाठी एक गोष्ट लिहिते, कारण बऱ्याच जणी म्हणतात "इथे तर पिठातच असतं." असतं, पण कुठल्या? कॅनडात सक्ती आहे ती मैद्यासारख्या पांढऱ्या पिठाला. अमेरिकेतही १९९८ पासून 'एन्रिच्ड' म्हणून विकल्या जाणाऱ्या धान्याला, १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम. गव्हाच्या सबंध कणकेला ही सक्ती नाही. आणि आपण खातो काय? दुकानातून आणलेल्या आट्याची पोळी, भात, ज्वारी-बाजरी. ब्रेड कधीतरी. म्हणजे देशभर फॉलिक ॲसिड पिठात मिसळलं जातंय आणि आपल्या ताटात ते येतच नाही. पिशवीच्या मागची घटकांची यादी वाचा, नाव असेल तर आहे, नसेल तर नाही. मी सुनेला थेट गोळी घ्यायला सांगितली.

सांख्यिकी_शंका

भारी निरीक्षण. मग भारतात रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ मिळतो त्याचं काय?

पुणेरी_भाकरी

एफएसएसएआयच्या (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) मानकात एक *किलो* तांदळाला किंवा कणकेला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आहे, सोबत बी-१२ सुद्धा. अमेरिकेत किलोला १४०० पडतात. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला यातून ३० ते ५० मायक्रोग्रॅम मिळणार. लागतात ४००. त्यामुळे "रेशनचा तांदूळ खाते, गोळी नको" हे गणित बसत नाही. बी-१२ घातलंय ते मात्र चांगलं केलं.

शेवंता

स्टेथो ताई, धन्यवाद. एक विचारू? मुलीचं निदान अंगणवाडीतल्या तपासणीत झालं होतं. ती सरकारी योजना होती का? तेव्हा डोक्यात काहीच शिरत नव्हतं.

सावित्रा_नंदुरबार

हो ताई, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. गाडी घेऊन डॉक्टरांचं पथक अंगणवाडी आणि शाळांत जातं, आणि हृदयाचा दोष सापडला तर पुढचा उपचार मोफत करून देण्याची सोय आहे. जन्मजात हृदयदोष आणि मज्जानलिकेचे दोष दोन्ही यादीत आहेत. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ दूध पिताना दमत असेल, घाम येत असेल, वजन वाढत नसेल तर पथकाची वाट बघू नका, जवळच्या जिल्हा रुग्णालयात न्या.

चान्स_घेतोय

आम्ही नवरा-बायको पुढच्या वर्षी विचार करतोय. बायकोला वारंवार युरिन इन्फेक्शन होतं, दर वेळी सल्फावाली गोळी देतात. त्याचा काही संबंध?

स्टेथो

चांगलं विचारलंत. को-ट्रायमॉक्साझोल असेल तर त्यात ट्रायमेथोप्रिम असतं, आणि ते फॉलेटच्या मार्गात आडवं येतं. २००० मध्ये एका मोठ्या अभ्यासात गरोदरपणाच्या सुरुवातीला अशा गटातली औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत हृदयदोषांचं प्रमाण तिपटीच्या आसपास दिसलं. फॉलिक ॲसिड असलेलं मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांत ते कमी होतं. त्यामुळे डॉक्टरांना आत्ताच सांगा की मूल हवंय, दुसरं अँटिबायोटिक देता येतं. केमिस्टकडून जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर घेऊ नका.

चान्स_घेतोय

आणि फॉलिक ॲसिड कधीपासून? ५ ची की ०.४ ची?

पुणेरी_भाकरी

०.४ मिलिग्रॅम, रोज, किमान एक महिना आधी, जमलं तर दोन-तीन महिने, आणि गरोदरपणाचे पहिले बारा आठवडे. सोबत बी-१२ एकदा तपासा, शुगर तपासा. जास्त डोस हा आधीचं बाळ, मधुमेह, फिट्सची औषधं यांवर ठरतो, आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा.

पेशीकेंद्रक

ज्यांच्या आधीच्या बाळाला हृदयदोष होता त्यांच्याबाबत देशोदेशी वेगवेगळं सांगतात. कॅनडाच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये अशांना मधल्या गटात धरून १ मिलिग्रॅम सांगितलं होतं. आमच्या नात्यातल्या त्या मुलीनं हाच कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी डोस ठरवला, बी-१२ कमी निघालं ते सुरू केलं, आणि एमटीएचएफआरचा रिपोर्ट फाइलमध्ये लावायलाही नको म्हणाले.

चान्स_घेतोय

धन्यवाद सगळ्यांना. केमिस्टकडे ०.४ ची गोळी मिळतच नाही म्हणतोय, ५ चीच देतो.

सावित्रा_नंदुरबार

जवळच्या आरोग्य उपकेंद्रात किंवा नागरी आरोग्य केंद्रात विचारा. तिथे ४०० मायक्रोग्रॅमची येते. नसेल आली तर एएनएमना (तिथल्या परिचारिकेला) मागणी लिहायला सांगा. मागणी गेली नाही तर पुढच्या खेपेलाही येणार नाही.